जंताची गोळी दिली, तरी मांजरीच्या शेपटीखाली पुन्हा तेच पांढरे दाणे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाच पाहता येईल. मांजर दीड वर्षाची, चार किलोची, घराबाहेर न जाणारी. दोन-अडीच महिन्यांपूर्वी तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. प्राझिक्वान्टेल आणि पायरँटेल असलेली गोळी दिलीत, दाणे गेले. पाच आठवड्यांनी परत आले. पुन्हा गोळी, पुन्हा गेले, आणि आता तिसऱ्यांदा हजर. मधल्या काळात शी तपासून घेतलीत, तर रिपोर्टमध्ये 'जंतांची अंडी आढळली नाहीत'. घरात दहा महिन्यांचं रांगणारं बाळ आहे. म्हणून तुम्ही विचारताय की गोळी नकली आहे का, डोस दुप्पट करू का, की आता दर महिन्याला देतच राहू?

डोस दुप्पट करू नका. माझ्या अंदाजाने गोळीने दोन्ही वेळा तिचं काम चोख केलंय. तुम्ही ज्याला 'परत आले' म्हणताय ते जुने जंत नाहीत, नवे आहेत. आणि ते कुठून येताहेत हा खरा प्रश्न आहे.

हे मी कशावरून म्हणते? तुम्हीच दिलेल्या तारखांवरून. गोळीतलं प्राझिक्वान्टेल शरीरात फार वेळ टिकत नाही. आतड्यात आज जे टेपवर्म, म्हणजे चपटे जंत, आहेत त्यांना ते मारतं, उद्या-परवा आत शिरणाऱ्यांबद्दल त्याला काही देणंघेणं नसतं. नवीन टेपवर्म पोटात गेल्यापासून त्याचे तुकडे बाहेर दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे गोळीनंतर दोन-चार दिवसांतच दाणे दिसत राहिले, तर गोळी पोटात गेलीच नाही, उलटीत पडली किंवा वजनाला कमी पडली असं मी धरते. दाणे पूर्ण बंद होऊन तीन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा दिसले, तर मांजरीला नव्याने लागण झाली. तुमचे पाच आठवडे सरळ दुसऱ्या गटात बसतात. प्राझिक्वान्टेलला दाद न देणारे टेपवर्म कुत्र्यांमध्ये नोंदले गेलेत, नाही असं नाही, पण ते विरळा. आणि तसे असते तर तुमच्याकडचे दाणे पाच आठवडे गायब झालेच नसते.

आता तो दाणा म्हणजे काय ते बघू. टेपवर्म हा लांबलचक चपटा जंत. डोकं आतड्याच्या अस्तरात रुतवून बसतो आणि मागच्या टोकाचे पिकलेले तुकडे एकेक करून सोडत राहतो. मांजरींत सर्वांत जास्त सापडणारा टेपवर्म म्हणजे डिपिलिडियम. त्याचा ताजा तुकडा काकडीच्या बीएवढा, पांढरट, आणि चक्क आखडत-ताणत चालतो. वाळला की पिवळट होऊन तिळासारखा दिसतो. मांजर झोपते त्या चादरीवर असे तीळ सापडतात आणि माणसं ते झटकून टाकतात. दवाखान्यात कुणी असा तुकडा घेऊन आलं की मी तो काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवते, वरून दुसरी काच दाबते आणि मालकांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावते. तुकडा फुटतो आणि आतून पारदर्शक पिशव्या बाहेर पडतात. एकेका पिशवीत द्राक्षाच्या घडासारखी दाटीवाटीने बसलेली अंडी. एकदा हे दृश्य पाहिलेला माणूस पुढे पिसवांच्या औषधाची तारीख चुकवत नाही, हा माझा अनुभव.

तुमचा शीचा रिपोर्ट कोरा का आला, तेही यातच आहे. डिपिलिडियमची अंडी सहसा शीत मिसळत नाहीत. ती तुकड्याच्या आत बंद असतात आणि तुकडा स्वतःच्या पायांनी, म्हणजे पाय नसताना, बाहेर निघून जातो. प्रयोगशाळेत शी दाट द्रावणात ढवळून वर तरंगणारी अंडी शोधतात. तुम्ही दिलेल्या चिमूटभर नमुन्यात तुकडा नसेल, तर तिथे बसलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्याला काय दिसणार? रिपोर्ट चुकीचा नव्हता, त्या परीक्षेत हा जंत बहुधा सापडतच नाही. पुढच्या वेळी शी नेऊ नका, दाणाच न्या. छोट्या बाटलीत पाण्याच्या दोन थेंबांसकट, किंवा पारदर्शक चिकटपट्टीत दाबून. आणि वळवळताना दिसला तर आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

आता मूळ मुद्दा. डिपिलिडियमची अंडी मांजरीने थेट गिळली तर तिला काहीही होत नाही. त्या अंड्यांना आधी पिसवेच्या पोटातून जावं लागतं. पिसवेची अळी जमिनीवर, गालिच्यात, फटीत राहते. ती ही अंडी खाते. अळीची पिसू होईपर्यंत टेपवर्मचं पिल्लूही तिच्या आत तयार होत असतं. ती पिसू मांजरीवर चढते, चावते, मांजर चाटून अंग साफ करते आणि पिसू गिळते. झाली लागण. म्हणजे या जंताचं अर्धं आयुष्य मांजरीत आणि अर्धं तुमच्या घराच्या जमिनीवर जातं. तुम्ही आतापर्यंत फक्त मांजरीतल्या अर्ध्यावर औषध टाकत आलात.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे: 'पण डॉक्टर, तिच्या अंगावर पिसवा नाहीतच.' असतात, दिसत नाहीत. मांजरीइतका टापटिपीचा प्राणी नाही. तिच्या जिभेवरचे उलटे काटे कंगव्यासारखे चालतात आणि अंगावरच्या बऱ्याचशा पिसवा तिच्याच पोटात जातात. ज्या मांजरीवर एकही पिसू सापडत नाही, तिनेच त्या गिळलेल्या असू शकतात.

म्हणून पिसू शोधत बसू नका, पिसवेची विष्ठा शोधा. बारीक दातांची फणी घ्या. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी आणि मानेखाली केसांच्या मुळापासून फिरवा. फणीत अडकलेला काळा भुरका पांढऱ्या ओल्या टिशूवर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरतो, कारण ते मांजरीचंच पचलेलं रक्त असतं. असा एक डाग जरी दिसला तरी आपला आरोपी सापडला. डाग दिसला नाही तर? तरीही डिपिलिडियमचा तुकडा हाच मी पिसवेचा पुरावा मानते. (उवांमधूनही हा जंत जातो, पण नीट निगा असलेल्या घरातल्या मांजरीत ते क्वचित.)

'घराबाहेर जात नाही, मग पिसवा आल्या कुठून?' हा पुढचा प्रश्न. घरी आलेल्या एखाद्या कुत्र्यामांजरासोबत, किंवा आधी तिथे राहून गेलेल्या प्राण्याच्या मागे उरलेल्या कोषांतून. कोषातली पिसू महिनोन्महिने गप्प पडून राहू शकते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची हवा लागली की बाहेर उडी मारते. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, आणि ती अंडी मांजरीला चिकटून राहत नाहीत, मांजर जिथे जिथे बसते तिथे गळतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग असतो. उरलेला पसारा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात असतो.

मग करायचं काय? मी माझ्याकडच्या मांजरींना जे देते ते सांगते, औषधाचं नाव आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनी तिला बघून ठरवू दे. घरातल्या प्रत्येक कुत्र्यामांजराला एकाच दिवशी पिसवांचं औषध सुरू करायचं, फक्त जिला जंत दिसले तिला नव्हे. मांजरींसाठी सेलामेक्टिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, फ्लुरालानर अशी औषधं मिळतात. कुठलं महिन्याने, कुठलं जास्त अंतराने, ते औषधानुसार बदलतं. किमान तीन महिने सलग, एकही तारीख न चुकवता. तीन महिने का, तर पिसवांची अंडी आणि अळ्या घराच्या साफसफाईने कमी होतात, पण कोषावर फवारणीचाही फारसा परिणाम होत नाही. कोषातली पिसू बाहेर येऊन औषध लावलेल्या मांजरीवर चढेल आणि मरेल, याची वाटच बघावी लागते. जंताची गोळी मी पिसवांचं औषध सुरू होतं त्याच दिवशी देते आणि तीन-चार आठवड्यांनी अजून एकदा, कारण त्या मधल्या दिवसांत तिने आणखी दोन-चार पिसवा गिळलेल्या असतात. त्यानंतर टेपवर्मसाठी गोळी फक्त दाणे दिसले तरच.

घराचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. तिचं अंथरूण, उशीचे अभ्रे, सोफ्यावरची चादर आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्याच्या फटी, पलंगाखाली, गालिच्याच्या कडा. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा जाग्या होतात, ते आपल्या फायद्याचंच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिसवा उलट जास्त दिसू लागल्या तर घाबरून औषध बदलू नका. ते जुने कोष फुटताहेत.

इथे एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगते. कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजरीला टाकू नका, अर्धंसुद्धा नाही. त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. माझ्याकडे एक मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. कान फडफडताहेत, सगळं अंग थरथरतंय, मग झटके. घरच्यांनी कुत्र्याच्या नळीतलं उरलेलं 'वाया जायला नको' म्हणून तिच्या मानेवर टाकलं होतं. तिला आंघोळ घालून, झटक्यांची औषधं देत दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली, सगळ्याच वाचत नाहीत. मांजरीला लसूण चारण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. लसूण आणि कांदा मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतात, जंत मात्र जागेवरच राहतात.

हे सगळं मी तुमचा दाणा डिपिलिडियमचा आहे असं धरून लिहिलं. दुसरी शक्यता टीनिया जातीच्या टेपवर्मची. तो उंदरांतून येतो. तुकडे जरा मोठे, चौकोनी, आणि पिसवांचा काही संबंध नाही. तुमची मांजर बाहेर जात नाही, पण घरात किंवा गच्चीत उंदीर पकडते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पकडत असेल तर पिसवांवर कितीही मेहनत घेतली तरी दाणे येत राहतील. गोळी तीच चालते, पण बंदोबस्त उंदरांचा करावा लागेल. दोघांतला फरक डोळ्यांनी चुकू शकतो, सूक्ष्मदर्शकाखाली चुकत नाही: टीनियाची अंडी सुटी, जाड कवचाची असतात, पिशव्यांत भरलेली नसतात. म्हणून दाणा बाटलीत घालून न्या म्हटलं.

बाळाबद्दल. तुमची काळजी रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जंतावर खर्च होतेय. डिपिलिडियम माणसाला होण्यासाठी माणसाने पिसू गिळावी लागते. रांगणाऱ्या, हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते अशक्य नाही, पण दाणा हाताला लागला म्हणून लागण होत नाही. झालीच तर बाळाच्या लंगोटात तसेच दाणे दिसतात, ते बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात मांजर असल्याचं आवर्जून सांगा, कारण ते हमखास सुतकृमी समजले जातात. उलटंही होतं: मुलाला सुतकृमी झाले की बोट मांजरीकडे जातं. सुतकृमी हा माणसाचा माणसालाच होणारा जंत आहे, बिचाऱ्या मांजरीचा त्यात हात नाही.

बाळासाठी खरा विचार राऊंडवर्मचा करायचा. त्याचं शास्त्रीय नाव टॉक्सोकारा. हे तीन ते दहा सेंटिमीटरचे, पांढऱ्या सुतळीच्या तुकड्यासारखे, स्प्रिंगसारखे वळलेले जंत, उलटीत किंवा शीत अख्खे पडतात. याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरभर भटकतात, क्वचित डोळ्यात जाऊन नजरेला इजा करतात. पण निसर्गाने आपल्याला सवड दिलीय. ताज्या शीतली अंडी लागण करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे किंवा अधिक लागतात. तयार झाली की मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे लिटर बॉक्समधली शी रोजच्या रोज काढली आणि बॉक्स बाळाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला, तर घरातल्या घरात हा धोका फार कमी होतो. तुमच्या गोळीतलं पायरँटेल राऊंडवर्मवर आणि हुकवर्म या रक्त पिणाऱ्या जंतावरच काम करतं, टेपवर्मवर नाही. टेपवर्मचं काम प्राझिक्वान्टेलचं. म्हणून नुसती पायरँटेलची गोळी कुणी दिली तर दाणे जसेच्या तसे राहतात.

टॉक्सोप्लाझ्मा तुम्ही विचारलेला नाही, पण घरात कुणी गरोदर असेल तर माहीत हवा. तो जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे, आणि जंताच्या गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याची अंडीही शीत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी घातक होतात, तेव्हा उपाय पुन्हा तोच: रोज शी काढा, आणि गरोदर बाईने ते काम दुसऱ्यावर सोपवावं.

दर महिन्याला गोळी द्यायची का? हे मांजर कशी जगते त्यावर ठरतं. युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांची एस्कॅप ही संस्था, घरातच राहणाऱ्या मांजरीला वर्षातून एक-दोनदा आणि बाहेर शिकार करणाऱ्या मांजरीला किमान चारदा असं सुचवते. मीही साधारण तेच पाळते, लहान मूल असलेल्या घरात थोडी जास्त वेळा देते. पिल्लांचं गणित वेगळं. राऊंडवर्म आईच्या दुधातून पिल्लात उतरतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, दूध सुटून दोन आठवडे होईपर्यंत, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एकदा, आणि दूध पाजणाऱ्या आईलाही सोबत. 'पोट कसं गरगरीत आहे बघा' म्हणून कौतुकाने आणलेल्या पिल्लाच्या पाठीवर हात फिरवला की मणके एकेक करून मोजता येतात. ते गरगरीतपण जंतांचं असतं.

आता गोळी द्यायची कशी, कारण अर्ध्या तक्रारी इथेच जन्मतात. वजन अंदाजाने धरू नका. तिला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे राहा, वजाबाकी करा. प्राझिक्वान्टेलची गोळी साधारण किलोला पाच मिलिग्रॅम या हिशोबाने असते, तुमच्या चार किलोच्या मांजरीला मांजरींसाठीच्या बहुतेक गोळ्यांतली एक अख्खी गोळी लागू पडते. औषध कडू असतं. गोळी जिभेवर विरघळली की तोंडाला फेस येतो आणि माणसं विष चढलं म्हणून पळत येतात. तसं काही नसतं, पण गोळी मात्र वाया गेलेली असते. तिला तुमच्याकडे पाठ करून बसवा, वरून गालफडांच्या हाडांवर धरून डोकं मागे करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो, आणि गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाका. तोंड मिटून गळा चोळा. तिने नाक चाटलं म्हणजे गिळली. लगेच सिरिंजने चार-पाच मिलिलिटर पाणी हळूहळू गालातून द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते. नंतर पाच मिनिटं तिच्यावर नजर ठेवा. गोळी गालात धरून सोफ्यामागे नेऊन थुंकणाऱ्या मांजरी मी कितीतरी पाहिल्यात.

आणखी एक, म्हणजे नंतर विचाराल म्हणून: गोळीनंतर मेलेला टेपवर्म शीत दिसला नाही तर गोंधळू नका. तो आतड्यातच पचून जातो. राऊंडवर्म अख्खे पडतात, त्यामुळे टेपवर्मही पडेल अशी अपेक्षा असते.

मात्र हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, शी डांबरासारखी काळी होत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा खाऊनही वजन उतरत असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि तिला तपासायला न्या. ती लक्षणं टेपवर्मची नव्हेत. हुकवर्म रक्त पितो, पिसवाही पितात, आणि पातळ शी आठवडाभर चालली तर जिआर्डियासारखे जीव शोधावे लागतात, ज्यांच्यावर तुमची ही गोळी चालत नाही.

तुमच्या मांजरीला यातलं काही नाही असं तुमच्या वर्णनावरून दिसतं, ती खातेय, खेळतेय. तेव्हा आज रात्री फणी आणि ओला टिशू. डाग पसरला तर उद्या डॉक्टरांकडे पिसवांच्या औषधासाठी जा, नाही पसरला तरी जा, आणि दाण्याची बाटली सोबत न्या. तीन महिने नीट केल्यावर फणी कोरी येऊ लागली आणि दाणे तरीही दिसले, तर उंदरांचं काय ते मला लिहून कळवा, आणि गोळीची तारीख व दाणा पुन्हा दिसल्याची तारीख दोन्ही लिहा.